भरती येण्याआधीची ओहोटी

देश सुधारला की माणसं शेतीतून कारखान्यात जातात आणि आणखी सुधारला की कारखान्यातून सेवाक्षेत्रात, हे तीन पायऱ्यांचं चित्र शाळेच्या पुस्तकात असतं. त्यावरून एक निष्कर्ष सर्रास काढला जातो: रोजगारातला कारखान्यांचा वाटा घटतोय, म्हणजे आपण तिसऱ्या पायरीवर पोचलो. वजन व्यायाम करणाऱ्याचंही घटतं आणि आजाऱ्याचंही. वाटा घटला तेव्हा तो किती होता आणि उत्पन्न किती होतं, हे आधी विचारायला हवं.

ब्रिटनमध्ये पहिल्या महायुद्धाआधी दर 100 कामकऱ्यांपैकी सुमारे 45 कारखानदारीत होते. जर्मनीत 1970च्या आसपास हा आकडा 40च्या जवळ गेला, दक्षिण कोरियात 1989च्या सुमारास 28 झाला. ब्राझील मात्र सुमारे 16वरच अडखळला आणि भारत 13च्या आसपास. अर्थतज्ज्ञ दानी रॉड्रिक यांच्या हिशेबानुसार पश्चिम युरोपातल्या काही देशांचं माणशी वार्षिक उत्पन्न हा वाटा शिखरावर असताना सुमारे 14,000 डॉलर होतं (1990च्या किमतींनुसार). भारत आणि आफ्रिकेतल्या अनेक देशांचं शिखर आलं तेव्हा ते जेमतेम 700 डॉलर होतं. देश श्रीमंत होण्याआधीच कारखानदारीचा वाटा असा घटू लागतो, याला अकाली वि-औद्योगिकीकरण म्हणतात. शब्द बोजड आहे, पण गोष्ट अचूक सांगतो.

असं का होतं? पहिलं बोट यंत्रमानवाकडे जातं. पण ब्राझीलची घसरण 1980च्या दशकातच सुरू झाली, तेव्हा तिथल्या कारखान्यांत यंत्रमानव असे किती असणार! खरी गंमत किमतींच्या गणितात आहे. आकडे सोयीचे घेऊ.

एका कारखान्यात 100 कामगार दिवसाला 1000 नग बनवतात, म्हणजे प्रत्येकी 10. नवं यंत्र आलं आणि प्रत्येकी साडेबारा नग निघू लागले. नगामागचे श्रम 20 टक्क्यांनी घटले. किंमतही तेवढीच उतरली असं धरू. आता सगळे 100 कामगार टिकायचे तर रोज 1250 नग खपले पाहिजेत. देशाची बाजारपेठ बंदिस्त असेल आणि स्वस्ताईमुळे मागणी 10 टक्केच वाढली, तर 1100 नगांना 88 माणसं पुरतात. बारा जणांचं काम गेलं, तेही उत्पादन वाढूनसुद्धा. श्रीमंत देशांत बरंचसं हेच घडलं. माल वाढत राहिला, माणसं घटली.

हाच कारखाना छोट्या देशातला असेल आणि त्याच्यापुढे जगाची बाजारपेठ उघडी असेल, तर चित्र उलटतं. जगाच्या मानाने त्याचा माल चिमूटभर, त्यामुळे चालू भावाला तो हवा तेवढा विकू शकतो. रोज 2000 नग गेले तर 160 माणसं लागतील. तेच यंत्र, तीच उत्पादकता. एकीकडे कामगार घटले, दुसरीकडे वाढले. पूर्व आशियाने ही वाट धरली.

आता तिसरा देश. त्याच्याकडे नवं यंत्र आलंच नाही, पण बाजार मात्र खुला झाला. नगाची किंमत 100 होती, त्यात कच्चा माल 60चा आणि उरलेल्या 40मध्ये मजुरी, व्याज, नफा. बाहेरच्या देशांची उत्पादकता वाढून जागतिक किंमत 80वर आली आणि कच्चा माल 60लाच राहिला, तर हाती उरले 20. किंमत एक पंचमांशाने घसरली, पण कारखान्याची कमाई निम्मी झाली! आता मजुरी निम्मी करा, नाहीतर टाळं लावा. या देशाने वि-औद्योगिकीकरण चक्क आयात केलं, मालाच्या किमतीबरोबर.

आकडेवारीचा एक सापळाही ध्यानात ठेवावा. कारखान्याचा पहारेकरी, स्वयंपाकी, चालक ठेकेदाराकडे गेले की ते कागदोपत्री सेवाक्षेत्रात मोजले जातात. काम तेच, रकाना बदलला. त्यामुळे घसरण थोडी फुगून दिसते.

मग कारखाने वगळून थेट सेवांवर उडी मारू, असा एक उत्साही मंत्र हल्ली जपला जातो. दाखला मोबाइलचा, की तारांचं जाळं न टाकताच घरोघरी फोन पोचले. तो मोबाइल कारखान्यातच बनतो, एवढं सोडलं तर दाखला झकास आहे. सॉफ्टवेअरसारख्या सेवा परदेशात विकता येतात, पण त्यांना वर्षानुवर्षांचं शिक्षण लागतं. अल्पशिक्षितांना सामावणाऱ्या सेवा बहुधा गावापुरत्या असतात. न्हाव्याचा वेग दुप्पट झाला तरी गावातली डोकी तेवढीच राहतात. शेतातून आलेल्या माणसाला थोड्या शिकवणीने कामाला लावायचं आणि त्याचा माल समुद्रापार विकायचा, हे दोन्ही एकदम जमवणारी गोष्ट म्हणजे मुख्यतः कारखानदारी.

स्वस्त आयातीवर तातडीचा उपाय म्हणून आयातकर येतो. वरच्या तिसऱ्या देशाचंच गणित पुढे नेऊ. तयार मालावर 10 टक्के कर लावला तर देशात नग 88ला विकला जाईल आणि हाती 20ऐवजी 28 येतील, म्हणजे 10 टक्के करातून 40 टक्के जादा कमाई. पण कच्चा माल बनवणारेही संरक्षण मागतात. त्यावरही 10 टक्के कर बसला की 60चे 66 होतात. देशात उरतात 22. निर्यातीत मात्र किंमत 80च, तेव्हा हाती येतात 14. निर्यातीवर कराचा परतावा मिळाला तर 20, पण तो उशिरा मिळाला तर तोवरचं व्याज पदरचं. मग कारखानदार बाहेर विकायचं सोडतो आणि देशातल्या गिऱ्हाइकावर विसंबतो. म्हणजे पुन्हा बंदिस्त बाजार. नवं यंत्र आलं की तिथे 100 कामगारांचे 88 होतात.