जखमेपर्यंत पोचणारा निरोप

यावल तालुक्यातल्या माझ्या मामांच्या टाचेत केळीच्या बागेत बाभळीचा काटा गेला, तो त्यांना कळलाच नाही. अनेक वर्षांच्या शुगरने तळपायाची जाणीव केव्हाच घालवली होती. चपलेला रक्त लागलेलं मामींना दिसलं, तोवर चार दिवस उलटले होते. दोन महिन्यांनी पट्टी सोडताना मी शेजारी होतो. जखमेच्या कडा पांढऱ्या, जाड; मध्ये पिवळट बुळबुळीत थर. लाल, दाणेदार मांस दिसायला लागलं की जखम भरतेय असं समजायचं, नर्सबाई म्हणाल्या. ते कुठेच दिसत नव्हतं.

एरवी जखम क्रमाने भरते. रक्त गोठतं, भक्षकपेशी येऊन जंतू आणि मेलेलं मांस साफ करतात, नव्या रक्तवाहिन्या फुटतात, कोलाजेन, म्हणजे कातडीला बळकटी देणारं प्रथिन, विणलं जातं आणि कडेकडून कातडी सरकत येते. एका टप्प्यातल्या पेशी पुढच्यांना रासायनिक निरोप धाडतात, तेव्हा काम पुढे जातं. मधुमेहात गाडं साफसफाईपाशीच अडतं. दाह शमत नाही, आणि जखमेतली विकरं (एन्झाइम) नवं कोलाजेन तर कुरतडतातच, निरोप आणणारी प्रथिनंही तोडून टाकतात.

मग निरोप बाहेरून दिला तर? अशा प्रथिनांच्या, म्हणजे वाढ-घटकांच्या शोधासाठी स्टॅन्ली कोहेन आणि रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना 1986चं नोबेल मिळालं. त्यांपैकी एका घटकाची जेल मधुमेही पायांच्या जखमांसाठी अमेरिकेत 1997मध्ये मंजूरही झाली. फायदा मात्र बेताचाच निघाला. मला यात नवल वाटत नाही. एवढ्या कामाला एकच निरोप कसा पुरेल?

इथे मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल आल्या. अस्थिमज्जा, चरबी, बाळाची नाळ यांतून मिळणाऱ्या मूलपेशी जखमेत सोडल्या की त्यांचीच कातडी होईल, अशी आधी आशा होती. पण सोडलेल्या बहुतेक पेशी थोड्याच दिवसांत नाहीशा होतात, आणि तरीही जखम सुधारते. आपल्याकडे कोडं सुटायला वेळ लागू नये. आढीत एक पिकलं केळं ठेवलं की बाकीची पिकतात. ते केळं दुसऱ्यात शिरत नाही. त्याच्यातून इथिलीन वायू निघतो आणि कच्च्या केळ्यांना पिकायचा हुकूम मिळतो. मूलपेशींचंही बरंचसं काम असंच, त्यांच्या स्रावातून चालतं. त्यांना 1991मध्ये ‘मेसेन्कायमल स्टेम सेल’ हे नाव देणाऱ्या अर्नोल्ड कॅप्लन यांनीच पुढे ते बदला म्हणून आग्रह धरला, तो याच कारणाने.

हा स्राव मिळवायची रीत साधी आहे. पेशी पोषक द्रवात वाढवायच्या, एक-दोन दिवसांनी द्रव काढून गाळायचा. त्यात रक्तवाहिन्या फुटवणारी, दाह उतरवणारी, कातडीच्या पेशींना हलवणारी प्रथिनं एकत्र असतात. शिवाय एक्सोझोम नावाच्या 30 ते 150 नॅनोमीटरच्या पिशव्या असतात. केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढ्या या पिशव्या निरोप आत बंद करून नेतात, म्हणून तो विकरांच्या तावडीतून वाचतो. 2008मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदरांच्या जखमांवर एकही पेशी न टाकता नुसता असा द्रव वापरला, तरी त्या लवकर भरल्या.

जिवंत पेशी नसल्याने गाठ होण्याची भीती कमी, आणि पावडर करून साठवताही येतं. घोडं अडतं ते दर घाण्याला बदलणाऱ्या मिश्रणावर. पेशी कोणाच्या, किती वयाच्या, किती प्राणवायूत वाढवल्या, यावर स्राव बदलतो. मग मात्रा ठरवायची कशी? माणसांवरच्या चाचण्या अजून थोड्या आणि लहान आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या 2017च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताचे काही आजार सोडले तर मूलपेशींचा वापर फक्त रीतसर चाचणीतच करता येतो. म्हणून ‘स्टेम सेल’चं नाव लावून विकलेली कुठलीही बाटली उघड्या जखमेवर ओतू नका, हे मी कळकळीने सांगतो.

मामांची जखम जुन्याच उपायांनी भरली: शुगर ताब्यात, मेलेलं मांस वरचेवर काढणं, ओलसर पट्टी, आणि टाचेवर भार न देणं. केळी कापणीच्या दिवसांत घरी बसणं त्यांना सगळ्यात जड गेलं. सहा महिने लागले. भरलेली कातडी पूर्वीच्या फार तर 80 टक्के मजबूत होते, हे डॉक्टरांनी सांगितल्यापासून ते आता बूट घालतात, आणि बागेत निघण्याआधी प्रत्येक बूट उलटा करून झटकतात, मग आत हात फिरवून बघतात.