एका पेशीची बाग

चोपडा तालुक्यात राहणारी माझी काकू सोनोग्राफीचा रिपोर्ट पिशवीत घालून थेट माझ्या दारात आली. वय ४४. मूतखडा आहे का ते बघायला गेली होती. खडा दिसलाच, आणि सोबत गर्भाशयात दोन गाठी, एक साडेतीन सेंटिमीटरची, दुसरी दोनची. "पिशवीमा दोन गाठी शेतस. डॉक्टर सांगस, काढी टाका, नहीतं कॅन्सर व्हई जाई." ऑपरेशनची तारीखसुद्धा ठरली होती. पाळी किती दिवस चालते, अंगावरून जास्त जातं का, हिमोग्लोबिन किती, हे तिला त्या दवाखान्यात कुणी विचारलंच नव्हतं.

मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, डॉक्टर नाही. पण "नाहीतर कॅन्सर होईल" हे विधान माझ्या विषयातलं आहे, आणि ते चुकीचं आहे. इतक्या बायकांनी या एका वाक्याच्या भीतीने पिशवी काढून घेतली आहे, की गप्प बसवत नाही.

या गाठींना फायब्रॉइड म्हणतात. गर्भाशयाची जाड भिंत स्नायूंची असते आणि त्याच स्नायूपेशी वाढून ही गाठ होते. कापून पाहिली तर आत पांढरट, टणक, वेटोळ्यांची रचना दिसते, घट्ट गुंडाळलेल्या सुताच्या गुंडीसारखी. पेशींपेक्षा त्यांच्यामधला कोलॅजेनचा धागाच तिला जास्त टणक करतो. आणि ही गाठ दुर्मीळ मुळीच नाही. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, पन्नाशी येईपर्यंत गोऱ्या स्त्रियांपैकी सुमारे ७० टक्के आणि कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी ८० टक्क्यांहून जास्त जणींच्या गर्भाशयात अशा गाठी असल्याचा अंदाज निघाला. त्यातल्या कितीतरी जणींना त्याचा पत्ताही नव्हता. गर्भाशयाच्या स्नायूंचा कॅन्सर असतो, पण तो फार विरळा, आणि बहुतेक वेळा तो साध्या फायब्रॉइडमधून न होता वेगळाच उगवतो.

आता मला सर्वांत आवडणारी गोष्ट. आपल्याकडे टिश्यूकल्चरची केळी लावतात. हजारो रोपं, पण सगळी एकाच निवडक झाडाची नक्कल, म्हणून वाढ सारखी आणि घड जवळपास एकदम निसवतात. फायब्रॉइड ही तशीच बाग आहे. तिच्यातली प्रत्येक स्नायूपेशी एकाच मूळ पेशीची वंशज असते.

हे कळलं कसं? बाईच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स गुणसूत्रं असतात, एक आईकडचं, एक वडिलांकडचं. गर्भ अगदी लहान असताना प्रत्येक पेशी यातलं एक गुणसूत्र कायमचं गप्प करते. कोणतं, ते नशिबावर. नंतर त्या पेशीची सगळी पिलावळ तीच निवड पुढे चालवते. मेरी लायन यांनी १९६१ मध्ये मांडलेली ही कल्पना. म्हणजे बाईचं शरीर दोन तऱ्हेच्या पेशींची मिसळ आहे, दादर ज्वारी आणि मका एकत्र झालेल्या राशीसारखं. कुठूनही मूठभर घ्या, दोन्ही दाणे हाती येतात.

जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम एक्स गुणसूत्रावरच्या जनुकातून बनतं. मलेरियाची प्रायमाक्विन गोळी देण्याआधी ज्याची तपासणी करतात, तेच हे. त्याचे ए आणि बी असे दोन प्रकार विजेच्या प्रवाहात वेगवेगळ्या वेगाने सरकतात, म्हणून वेगळे ओळखता येतात. लिंडर आणि गार्टलर यांनी १९६५ मध्ये, दोन्ही प्रकार अंगात असलेल्या स्त्रियांची गर्भाशयं तपासली. साध्या स्नायूत ए आणि बी दोन्ही सापडले, राशीत सापडावेत तसे. पण प्रत्येक गाठीत फक्त एकच. एका गाठीत नुसता ए, त्याच गर्भाशयातल्या दुसऱ्या गाठीत नुसता बी.

त्यांच्या हाती इतकं साधं साधन होतं आणि त्यातून इतकं स्वच्छ उत्तर निघालं, याचं मला अजून नवल वाटतं. एका गाठीची "पिल्लं" पसरून दुसऱ्या गाठी झाल्या, असं सहसा नसतं. (जनुकांचं पूर्ण वाचन करता यायला लागल्यावर काही अपवाद सापडले, पण नियम हाच.) प्रत्येक गाठीची लागवड वेगळी. म्हणून एकाच पिशवीतल्या दोन गाठींपैकी एक वाढते आणि शेजारची आपोआप आकसते, असंही दिसतं. गाठ काढल्यावर काही वर्षांनी पुन्हा दिसली तर "मूळ राहिलं" असं बायका म्हणतात, पण बहुतेकदा ती वेगळ्याच पेशीची नवी बाग असते.

पण त्या एका पेशीलाच काय होतं? फिनलंडच्या शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये २२५ गाठी तपासल्या आणि सुमारे ७० टक्के गाठींत एकाच जनुकात बिघाड सापडला: एमईडी-१२. हा बिघाडही जनुकाच्या एका छोट्या तुकड्यात, दुसऱ्या एक्सॉनमध्ये, आणि पुष्कळदा ४४ व्या क्रमांकाच्या अमिनो आम्लापाशी. या जनुकाचं प्रथिन मीडिएटर नावाच्या मोठ्या संचाचा भाग आहे. कोणती जनुकं चालू व्हावीत हे हा संच ठरवतो. बिघाडामुळे त्यातल्या सायक्लिन-सी आणि सीडीके-८ या जोडीशी असलेली पकड सुटते. आणि एमईडी-१२ सुद्धा एक्स गुणसूत्रावरच आहे! दुसरी, चांगली प्रत गप्प असल्याने ती मदतीला येऊ शकत नाही. एक बिघाड पुरतो.

बी पडलं तरी पाणी लागतंच. ते पाणी म्हणजे हार्मोन्स. बरीच वर्षं दोष एकट्या इस्ट्रोजेनवर होता. मग उंदरांत मानवी गाठीचे तुकडे रुजवून पाहिलं, तेव्हा नुसत्या इस्ट्रोजेनवर ते वाढले नाहीत, प्रोजेस्टेरॉन दिल्यावर वाढले. इस्ट्रोजेन पेशीला प्रोजेस्टेरॉन "ऐकू येईल" असं करतं, वाढ प्रोजेस्टेरॉन करतं. पाळी गेल्यावर दोन्ही आटतात आणि गाठ आकसते. गाठ विरघळवणारे काढे आणि भगताने मंत्रून दिलेले दोरे पन्नाशीच्या बायकांत "लागू पडतात" ते यामुळेच. कोलॅजेनचं ते जाळं कुठलाही काढा विरघळवत नाही, आणि वाट बघण्यात रक्त मात्र जात राहतं.

त्रास किती होणार हे गाठीच्या आकारापेक्षा जागेवर ठरतं. आतल्या अस्तराखालची दोन सेंटिमीटरची गाठ बाईला पांढरीफटक करू शकते, बाहेरच्या बाजूला लटकणारी सात सेंटिमीटरची गाठ वर्षानुवर्षं मुकी राहते. त्रास नसेल तर बहुतेक वेळा नुसती नजर ठेवणं हाच उपचार. रक्तस्राव जास्त असेल तर त्या दिवसांपुरती ट्रॅनेक्झामिक ॲसिडची गोळी, हार्मोन सोडणारी तांबी, काही महिन्यांची इंजेक्शनं, आणि लोहाच्या गोळ्या. आतली गाठ योनिमार्गे दुर्बीण घालून काढता येते, भिंतीतली किंवा बाहेरची गाठ पिशवी ठेवून काढता येते. गाठीचा रक्तपुरवठा तोडण्याची पद्धतही आहे. फ्रान्समध्ये रावीना यांच्या गटाने ऑपरेशनआधी रक्तस्राव कमी व्हावा म्हणून ती सुरू केली, तर काही बायकांचा त्रास इतका कमी झाला की ऑपरेशनच लागलं नाही. तो अनुभव त्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केला. धमनीत बारीक कण सोडतात. गर्भाशयाला इतर वाटांनी रक्त मिळत राहतं, गाठ उपाशी मरते.

पिशवी काढणं हाही खरा उपचार आहे, काही जणींसाठी सर्वांत योग्य. पण तो पहिला नाही. चाळिशीच्या आत अंडाशयांसह पिशवी गेली तर हाडं आणि हृदय दोन्ही पुढे त्याची किंमत मोजतात. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या गेल्याची बातमी २०१९ मध्ये गाजली. आपल्या नंदुरबार-धुळ्याच्या बायकाही कोयता घेऊन दक्षिण गुजरातेत जातातच. अनावश्यक शस्त्रक्रिया थांबवण्यासाठीच्या मार्गदर्शक सूचना राज्यांनी अमलात आणाव्यात, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सांगितलं. मात्र पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसलं, किंवा त्या वयात गाठ वाढायला लागली, तर एक दिवसही न थांबता तपासणी करायची. तिथे "फायब्रॉइडच असेल" म्हणून बसून राहायचं नाही.

काकूला दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. पाळी चार दिवसांची, नेहमीसारखी. दोन्ही गाठी बाहेरच्या बाजूला. हिमोग्लोबिन १०.८, त्यासाठी लोहाच्या गोळ्या, आणि सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी. परतताना बसमध्ये तिला मी ए-बीची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ विचार करत होती. मग म्हणाली, "म्हन्जे त्या दोन्ही गाठी एक पिशवीमा राहीसन बी एकमेकीन्या कोनी नहीत?"

ज्या दिवशी ऑपरेशनची तारीख होती, त्या दिवशी ती कांदेबाग केळीच्या लागवडीवर होती.