'पुरेसे प्रशिक्षण' म्हणजे किती? कीटकनाशक निरीक्षकांच्या प्रशिक्षणावरच्या सरकारी निधीची पार्श्वभूमी

दुकानातून कीटकनाशकाचा नमुना काढणाऱ्या सरकारी निरीक्षकाला किती शिकवायचे आणि त्यासाठी पैसा कुठून यायचा, हा इथला वाद. कीटकनाशक कायदा 1968 चा आणि त्याचा अंमल 1 ऑगस्ट 1971 पासूनचा. त्याआधी 1958 मध्ये केरळात पॅराथिऑन हे कीटकनाशक लागलेल्या पिठामुळे शंभरावर माणसे दगावली होती आणि कायद्याची मागणी तिथून सुरू झाली. गंमत अशी की हैदराबादची पीकसंरक्षण प्रशिक्षण संस्था 1966 ची, म्हणजे कायद्याहून जुनी. शिकवायची सोय आधी झाली, कोणाला किती शिकवायचे हे मात्र नंतरही ठरले नाही.

हा घोळ एका शब्दाचा आहे. विश्लेषकाची, म्हणजे प्रयोगशाळेत नमुना तपासणाऱ्याची, पात्रता सांगताना नियमांनी पदवीच्या जोडीला कीटकनाशक विश्लेषणाचे 'पुरेसे प्रशिक्षण' आणि तेही मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतले, अशी अट घातली. पुरेसे म्हणजे आठ दिवस की सहा महिने, एकदाच की दर काही वर्षांनी, याबद्दल नियम गप्प आहेत. न्यायालयात बचाव पक्षाचा वकील याच शब्दाला धरून विश्लेषकाचे प्रमाणपत्र मागतो. त्यामुळे खात्यालाही प्रयोगशाळेतल्या माणसाला आधी पाठवणे सोयीचे वाटले. दुकानात जाऊन नमुना काढणारा निरीक्षक मागे राहिला. प्रत्यक्षात अनेक खटले दुकानाच्या काउंटरवरच फसतात.

नमुना काढायची रीत कलम 22 मध्ये आहे. हेतू लेखी कळवायचा, वाजवी किंमत द्यायची, विक्रेत्यासमोर तीन भाग करायचे, प्रत्येकाला सील करायचे आणि विक्रेत्याला त्याचेही सील लावू द्यायचे. एक भाग त्याला, एक विश्लेषकाला, एक न्यायालयासाठी. माल छोट्या बाटल्यांत असेल तर बाटली फोडायची नाही, तीन बाटल्या जशाच्या तशा घ्यायच्या. वाचायला हे सोपे वाटते. पण हाच अधिकारी सकाळी खताचा नमुना काढून आलेला असतो. तिथे वेगवेगळ्या पोत्यांत नळी खुपसून माल एकत्र करायचा असतो. ती सवय हाताला लागली की कीटकनाशकाच्या तीन बाटल्या दोन बॅचच्या उचलल्या जातात आणि प्रकरण तिथेच संपते. गरम लाख थेट प्लास्टिकच्या बाटलीवर ओतली तर झाकण वितळते, गळती होते आणि चिठ्ठीवरची शाई पसरते. बाटली आधी पॉलिथिनमध्ये, मग कापडी पिशवीत आणि सील गाठीवर, हे एकदा हाताने करून पाहिल्याशिवाय जमत नाही. व्याख्यानाच्या स्लाइडवर ते कळत नाही.

खरा फटका बसतो तो मुदतीचा. विश्लेषकाने अहवाल 60 दिवसांत द्यायचा होता, 2000 च्या दुरुस्तीने ते 30 झाले. अहवाल हातात पडल्यावर तो अमान्य असल्याचे कळवायला विक्रेत्याला 28 दिवस मिळतात. मग न्यायालयाकडचा भाग फरिदाबादच्या केंद्रीय प्रयोगशाळेत जातो आणि तिथला निकाल अंतिम. हे सगळे होईपर्यंत बाटलीवरची वापराची मुदत संपली असेल तर फेरतपासणीचा हक्क बुडाला म्हणून खटले रद्द झालेले आहेत. म्हणून नमुना काढतानाच मुदत किती उरली हे पाहून बॅच निवडावी लागते. प्रशिक्षणातली पहिली गोष्ट ही असायला हवी होती.

पैशाची वाट वेगळीच आहे. शेती राज्याचा विषय, कायदा केंद्राचा, परवाना आणि तपासणी राज्याच्या माणसांकडे. त्यामुळे प्रशिक्षणासाठी स्वतंत्र, ठळक लेखाशीर्ष क्वचितच दिसते. ते 'बळकटीकरण' या शब्दाच्या पोटात येते. त्या पोटात क्रोमॅटोग्राफीची (औषधातले घटक वेगळे करून मोजणारी) यंत्रे, काचसामान, रसायने, यंत्रांची वार्षिक देखभाल आणि शेवटी माणसांचे शिक्षण. 2014-15 पासून केंद्राचे पीकसंरक्षणाचे उपअभियान आले आणि पाठोपाठ केंद्र-राज्य हिस्सा 60:40 झाला. केंद्राचा हप्ता आला तरी राज्याचा 40 टक्के वाटा मंजूर होऊन निधी बीडीएसवर, म्हणजे राज्याच्या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर, दिसेपर्यंत वर्षाचा बराच भाग सरतो. मार्चअखेर यंत्राचे एक बिल टाकले की खर्च पूर्ण होतो. वीस अधिकाऱ्यांचा प्रवासभत्ता म्हणजे वीस बिले, वीस त्रुटी. खर्च झाल्याच्या उपयोगिता प्रमाणपत्राशिवाय पुढचा हप्ता नाही, तेव्हा लेखाशाखा कुठला रस्ता धरणार हे सांगायला नको. शिवाय नमुन्याची किंमत या निधीत बसत नाही, ती सादिलमधून, म्हणजे कार्यालयाच्या किरकोळ खर्चातून, द्यायची. द्राक्षावरच्या महागड्या बुरशीनाशकाच्या तीन बाटल्या घेण्यापेक्षा स्वस्त, जुन्या औषधाचा नमुना काढून उद्दिष्ट पुरे करण्याचा मोह होतो तो इथेच.

सांगली-साताऱ्यात आणखी एक गुंता आहे. 2003 मध्ये युरोपात द्राक्षे मेथोमिल या कीटकनाशकाच्या अंशामुळे अडली, 2010 मध्ये क्लोरमेक्वाट या संजीवकामुळे. तासगाव, मिरज, खटाव, फलटणच्या बागायतदारांना 'औषध तपासणी' म्हटले की हीच अंश तपासणी आठवते. पण फळातला उर्वरित अंश पाहणे आणि बाटलीतले औषध लेबलप्रमाणे आहे का हे पाहणे ही दोन वेगळी कामे, कायदे वेगळे, प्रयोगशाळा वेगळ्या. निर्यातीचा दबाव होता म्हणून अंश तपासणीकडे पैसा आणि लक्ष लवकर गेले. बाटलीच्या तपासणीला तसा दबाव देणारा कोणी नव्हता. संजीवकाच्या नावाखाली कीटकनाशक मिसळून विकलेला माल या दोन्हींच्या फटीतून निसटत राहिला. 2021 मध्ये जैवउत्तेजके खत नियंत्रण आदेशाखाली आली, पण 'जी-थ्री' (जैवउत्तेजकाच्या तात्पुरत्या नोंदणीच्या) मार्किंगची बाटली हातात घेऊन ती कोणत्या कायद्याखाली उचलायची, हा प्रश्न निरीक्षकाला त्यानंतरही पडत राहिला.

2017 ला यवतमाळमध्ये फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक जीव गेले, तेव्हा निरीक्षकांचे शिक्षण पुन्हा चर्चेत आले. कीटकनाशक व्यवस्थापनाची विधेयके 2008 आणि 2020 ला राज्यसभेत आली, कायदा झाला नाही. 2023 मध्ये राज्याने निकृष्ट बियाणे, खते, कीटकनाशकांसाठी कडक शिक्षेची विधेयके आणली, विक्रेत्यांनी नोव्हेंबरात तीन दिवस दुकाने बंद ठेवली. शिक्षा किती असावी यावर रान पेटले. नमुना कोण काढतो आणि तो शिकला कुठे, यावर कोणी फारसे बोलले नाही.

या वादाच्या मुळाशी असलेला निर्णय मात्र शासनाचाच. पूर्णवेळ गुणनियंत्रण निरीक्षक मोजके ठेवून तालुका कृषी अधिकारी, पंचायत समितीचे कृषी अधिकारी अशा पदांना निरीक्षक म्हणून अधिसूचित केले गेले. कागदावर संख्या वाढली, दरडोई प्रशिक्षण पातळ झाले. त्यात बदल्यांच्या कायद्याने साधारण तीन वर्षांत माणूस हलतो. शिकलेला विस्ताराच्या, म्हणजे शेतकऱ्यांना मार्गदर्शनाच्या, कामावर जातो आणि त्याच्या खुर्चीत कलम 22 पहिल्यांदाच वाचणारा बसतो. अधिसूचना पदाची असते, प्रशिक्षण माणसाचे, ही विसंगती मोडायची तर प्रशिक्षणाशिवाय अधिकारच देऊ नयेत, असे खात्यातलेच काही जण म्हणतात. त्यावर उत्तर ठरलेले: तेवढी माणसे कुठून आणायची?

इकडे काउंटरपलीकडचा विक्रेता 'देसी' या खते-औषधे विक्रेत्यांसाठीच्या पदविकेसाठी आठवड्याला एक दिवस, असे 48 आठवडे वर्गात आणि शिवारात बसतो. त्याच्या शिक्षणाला सरकारी अनुदान आहे, वेळापत्रक आहे, शेवटी परीक्षाही आहे. त्याला तपासायला येणारा अधिकारी मात्र काही दिवसांच्या वर्गाला जाऊन आलेला असतो, किंवा त्याचे नाव पुढच्या यादीत असते.