व्यापारी बांधकामातील सुतार आणि प्रगत प्रशिक्षणाची पार्श्वभूमी

मोठ्या व्यापारी इमारतींवर काम करणाऱ्या सुताराच्या प्रगत प्रशिक्षणात आज हत्यारे चालवण्याच्या सरावापेक्षा नकाशा वाचणे, आखणी करणे आणि भाराचा हिशेब मांडणे यांचा वाटा मोठा असतो. हा बदल संगणकामुळे झाला असे सर्रास मानले जाते, परंतु त्याची मुळे बरीच मागे जातात.

इंग्लंडमध्ये १५६३च्या कायद्याने सुतारकामासह अनेक धंद्यांत सात वर्षांची उमेदवारी सक्तीची झाली. रंधा, करवत आणि पटाशी हाताळता येऊ लागली तरी खरी परीक्षा आखणीची असे. फ्रान्समधील सुतार छपराचा पूर्णाकृती आराखडा जमिनीवर काढत, त्यावर लाकडे मांडून ओळंब्याच्या साह्याने खुणा उतरवत आणि मगच सांधे कापत. ही पद्धत युनेस्कोने २००९ मध्ये वारसा म्हणून नोंदवली. पण ती आजही शिकवली जाते, हे अधिक महत्त्वाचे.

इंग्लंडमधील उमेदवारीची सक्ती १८१४ मध्ये उठली. पुढे १८३०च्या दशकात अमेरिकेतील शिकागोत कारखान्यात कापलेल्या सडपातळ लाकडांना खिळे ठोकून घरांच्या चौकटी उभ्या राहू लागल्या आणि अवघड सांध्यांची गरजच घटली. काम झपाट्याने होऊ लागले, मात्र ते तुकड्यांत वाटले गेल्याने संपूर्ण धंदा जाणणारे हात कमी होत गेले. ही उणीव भरून काढण्यासाठी प्रशिक्षणाचे वर्ग आले. लंडनच्या सुतार-श्रेणीने (सुतारांच्या जुन्या व्यवसाय-संघाने) १८९३ मध्ये इतर बांधकाम-श्रेणींच्या साथीने प्रशिक्षणशाळा काढली, तर अमेरिकेत १९३७च्या कायद्याने उमेदवारीच्या दर्जाला सरकारी चौकट दिली.

प्रगत प्रशिक्षणाला निकडीचे रूप दिले ते काँक्रीटने. ताज्या काँक्रीटचे वजन घनमीटरला सुमारे २,४०० किलो असते. तीन मीटर उंचीची भिंत एका दमात ओतली, तर शटरिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओतण्यासाठी सुतार उभारतो त्या साच्याच्या, तळाशी चौरस मीटरमागे सात टनांहून अधिक दाब येऊ शकतो. म्हणूनच साच्याच्या दोन बाजू एकमेकींना बांधून ठेवणारे टाय खाली वरच्यापेक्षा जवळजवळ घ्यावे लागतात आणि ओतण्याचा वेग आवरावा लागतो. तळाची एक फळी फुगली की पुढची दुरुस्ती छिन्नीने, आणि तीही महागात. हा हिशेब नुसत्या पाहण्याने येत नाही.

त्यानंतर पत्र्याच्या चौकटी, जिप्सम बोर्ड आणि अग्निरोधक दरवाजे आले, तसे अभ्यासक्रमही लांबले; त्यांत आता नव्या उमेदवारांच्या जोडीने अनुभवी कारागीरही बसतात.