नॉर्वेजियन आणि स्वीडिश: नेमका फरक कुठे

नोबेल पारितोषिकांच्या बातम्यांमध्ये स्टॉकहोम आणि ऑस्लो ही नावे एका दमात येतात, आणि नॉर्वे व स्वीडन यांची गल्लत बहुधा तिथेच होते. आल्फ्रेड नोबेल हे स्वीडिश होते. इतर पारितोषिके स्वीडनची राजधानी स्टॉकहोममध्ये दिली जातात, शांततेचे पारितोषिक मात्र नॉर्वेच्या संसदेने, म्हणजे स्टोर्टिंगने, नेमलेली पाच जणांची समिती ऑस्लो येथे देते. नोबेल यांनी १८९५ मध्ये मृत्युपत्र केले तेव्हा दोन्ही देशांचा राजा एकच होता.

हे एकत्र असणे बरोबरीचे नव्हते, आणि दोन देशांमधला खरा फरक कळायचा तर हाच भाग नीट पाहायला हवा. स्वीडन हे जुने, स्वतंत्र आणि एकेकाळी बाल्टिक समुद्रावर हुकमत गाजवणारे राज्य, तर नॉर्वे चारशेहून अधिक वर्षे डेन्मार्कशी बांधलेला होता. नेपोलियनची बाजू घेतलेल्या डेन्मार्कला १८१४ मध्ये नॉर्वे स्वीडनच्या हवाली करावा लागला, तेव्हा नॉर्वेच्या प्रतिनिधींनी आइड्सव्हॉल येथे जमून १७ मे रोजी स्वतःची राज्यघटना मंजूर केली. स्वीडनशी जोडणी टळली नाही, पण ती घटना बव्हंशी टिकली. ऑगस्ट १९०५ मध्ये स्वीडनपासून वेगळे होण्यावर सार्वमत झाले, तेव्हा विरोधात अवघी १८४ मते पडली आणि बाजूने ३,६८,२०८. इतका एकमुखी कौल मला तरी विलक्षण वाटतो. आजही १७ मे रोजी ऑस्लोत शाळकरी मुले हातात झेंडे घेऊन राजवाड्यावरून मिरवत जातात, आणि अनेक जण आपापल्या भागाचा पारंपरिक पोशाख, बूनाद, घालून रस्त्यावर उतरतात. तो झेंडा लाल, त्यावर पांढऱ्या किनारीचा निळा क्रूस असतो. स्वीडनचा झेंडा निळा, पिवळ्या क्रूसाचा.

भूगोलाने दोघांचे उद्योगही वेगळे केले. स्वीडनकडे लोहखनिज, विस्तीर्ण जंगले आणि त्यांच्या आधाराने वाढलेले कारखाने आहेत. नॉर्वेची मुख्य भूमी महाराष्ट्रापेक्षा थोडी मोठी, पण लोकसंख्या जेमतेम ५५ लाखांच्या आसपास, आणि डोंगराळ असल्यामुळे लागवडीची जमीन फारच थोडी. पर्वतांमधून आत शिरलेल्या खोल खाड्यांच्या, म्हणजे फ्योर्डांच्या, काठाने लोक राहिले. त्यांतली सोन्येफ्योर्ड दोनशे किलोमीटरहून लांब आहे. मासेमारी आणि जहाजवाहतूक हाच पिढ्यान्‌पिढ्यांचा आधार होता. १९६९ मध्ये उत्तर समुद्रात एकोफिस्कचा तेलसाठा सापडला आणि मग देश श्रीमंत झाला.

समुद्राशी असलेले हे नाते राजकारणातही दिसते. स्वीडन १९९५ मध्ये युरोपीय संघात गेला; नॉर्वेच्या मतदारांनी मात्र १९७२ आणि १९९४ अशा दोन्ही वेळा नकार दिला, आणि त्यामागे आपल्या मासेमारीच्या पाण्यावरचा ताबा जाईल ही किनाऱ्यावरच्या लोकांची भीती मोठी होती.