भावंडांची आइस डान्स जोडी : ज्युनियर गटाचा अर्ज भरण्याआधी दोघांची वयं १ जुलैला मोजा

नागपुरात बर्फाचं रिंक नाही. आपली मुलं चाकांच्या स्केट्सवर तयार होतात आणि सुट्ट्यांत देहरादूनच्या हिमाद्री रिंकवर जाऊन बर्फाचा सराव करतात. सख्खे भाऊ-बहीण असतील तर जोडीदार घरातच मिळतो, म्हणून पालक आइस डान्सकडे, म्हणजे बर्फावर जोडीनं करायच्या नृत्य-स्केटिंगकडे वळतात. मग अर्ज अडकतो, आणि बहुतेक वेळा वयावरच अडकतो.

आंतरराष्ट्रीय स्केटिंग युनियनचा नियम असा : हंगाम सुरू होतो त्या १ जुलैपूर्वी खेळाडूला १३ वर्षं पूर्ण झालेली हवीत आणि आइस डान्समध्ये २१ पूर्ण झालेली नसावीत. स्पर्धा ऑक्टोबरात आहे की पुढच्या मार्चात, याचा इथे संबंध नाही. "स्पर्धेपर्यंत तेरा पूर्ण होतील की!" असं म्हणणारे पालक मी दरवर्षी बघतो. नाही चालत. नियमात 'पूर्वी' म्हटलंय, त्यामुळे १ जुलैलाच वाढदिवस असेल तरी त्या हंगामाला मुकावं लागतं.

अमेरिकेच्या माया आणि अलेक्स शिबुतानी या भावंडांचं उदाहरण घ्या. मायाचा जन्म २० जुलै १९९४चा. २००७च्या १ जुलैला तिला १३ पूर्ण व्हायला तीन आठवडेही उरले नव्हते, तरी तो अख्खा हंगाम दोघं ज्युनियर म्हणून फक्त आपल्या देशात खेळले. अलेक्स तीन वर्षांनी मोठा, त्याचं वय बसत होतं. पण अर्ज जोडीचा असतो. पुढच्याच २००८-०९च्या हंगामात, २००९मध्ये, त्यांनी जागतिक ज्युनियर स्पर्धेत रौप्य मिळवलं आणि २०१८च्या ऑलिंपिकमध्ये कांस्य.

भावंडांतलं अंतर जास्त असेल तर आणखी एक पेच आहे, आणि तो कुणी आधी सांगत नाही. १३ ते २० म्हणजे एकट्या खेळाडूला ज्युनियरचे आठ हंगाम. तीन वर्षांचं अंतर असेल तर जोडीला पाच उरतात, पाच वर्षांचं असेल तर तीनच. शिवाय सीनियर गटाचं किमान वय २०२४-२५पासून १७ झालंय. म्हणजे भाऊ २१ आणि बहीण १६ असेल, तर ज्युनियरमधून भावामुळे बाहेर आणि सीनियरमध्ये बहिणीमुळे बंद. एक पूर्ण वर्ष जोडी घरी! हा हिशेब बर्फावर पैसे ओतण्याआधी कागदावर मांडा. मुलांनाही दाखवा, त्यांचीच वर्षं आहेत ती.

आता कागदपत्रं. वयाचा पुरावा म्हणजे महापालिकेचा जन्म दाखला आणि पासपोर्ट. शाळेच्या दाखल्यावर पहिलीच्या प्रवेशासाठी तारीख पुढेमागे केलेली असेल, तर ती आधी दुरुस्त करून घ्या. तीन कागदांवर दोन तारखा दिसल्या की खिडकीवरचा माणूस फाइल परत सरकवतो आणि नेमकं काय चुकलं तेही धड सांगत नाही. जन्म दाखल्यावर बाळाचं नावच नसेल, तर जन्म नोंदणीपासून १५ वर्षांच्या आत ते चढवता येतं. थोरल्याची ती मुदत संपत आली असते, तेच बघायचं राहून जातं. दोन्ही दाखले शेजारी ठेवून वडिलांच्या नावाचं स्पेलिंगही ताडून पाहा. एकावर मधलं नाव, दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर, आणि सख्खी भावंडं कागदावर परकी होतात.

अल्पवयीन मुलाचा पासपोर्ट पाच वर्षं किंवा अठरावं पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवरच चालतो. पंधरा पूर्ण झालेल्यांना दहा वर्षांचा मागता येतो. त्यामुळे दोघांच्या मुदती वेगवेगळ्या वेळी संपतात. युरोपच्या शेंगेन व्हिसाला परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने मुदत शिल्लक लागते. ज्युनियर ग्रां प्री ही आंतरराष्ट्रीय स्पर्धांची मालिका ऑगस्टपासून सुरू होते, म्हणून पासपोर्ट उन्हाळ्याच्या सुट्टीतच तपासा. अल्पवयीनाच्या पासपोर्ट अर्जासोबतच्या 'जोडपत्र ड'वर (Annexure D) आई-वडील दोघांच्या सह्या लागतात.

प्रवेशिका पालकांनी परस्पर युनियनला पाठवायची नसते. ती आइस स्केटिंग असोसिएशन ऑफ इंडियामार्फतच जाते. जागतिक ज्युनियर स्पर्धेसाठी रिदम डान्स आणि फ्री डान्स या आइस डान्सच्या दोन्ही फेऱ्यांत ठरावीक किमान तांत्रिक गुण आधी आंतरराष्ट्रीय स्पर्धेत मिळवलेले लागतात. चाकांवरच्या स्पर्धांचे गुण इथे धरत नाहीत, त्या प्रमाणपत्रांचा गठ्ठा जोडू नका.

आणि खोकल्याचं औषध. आपल्याकडच्या बऱ्याच सिरपमध्ये टर्ब्युटालिन हे श्वासनलिका मोकळी करणारं औषध असतं, आणि ते उत्तेजकांच्या बंदी यादीत आहे. दमा असेल तर डॉक्टरांना खेळाडू असल्याचं आधीच सांगा आणि ते औषध टाळता येत नसेल तर वैद्यकीय सवलतीचा अर्ज स्पर्धेच्या पुष्कळ आधी करा. घरात दोघं खेळाडू असतात, सर्दी एकाला होते आणि बाटली दोघांना दिली जाते.