वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेनंतर अंगमेहनतीच्या कामावर परतणे

स्थूलतेवरील बेरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रिया झाल्यावर ओझी वाहणे, बांधकाम, खोदकाम, शेती, गोदामातील चढ-उतार, अग्निशमन, रुग्णांना उचलावे लागणारी शुश्रूषा अशा कष्टाच्या कामावर पुन्हा रुजू होण्याची प्रक्रिया. बैठे काम करणारे बहुतेक जण १ ते ३ आठवड्यांत कामावर जातात. अंगमेहनतीच्या कामासाठी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण ४ ते ६ आठवडे, तर पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर ६ ते ८ आठवडे किंवा त्याहून अधिक थांबायला सांगतात. या मुदती मुख्यतः जखमेचा हिशेब करून ठरतात. खाणे-पिणे आणि ताकद पूर्वपदावर यायला त्याहून जास्त वेळ लागतो, आणि परतलेला कामगार अडतो तो बहुधा इथेच.

आज सर्वाधिक होणाऱ्या दोन शस्त्रक्रिया म्हणजे स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी आणि गॅस्ट्रिक बायपास. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात व उरलेल्याची अरुंद नळी होते. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटरची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. बायपासची सुरुवात १९६६ मध्ये एडवर्ड मेसन यांनी केली. १९९० च्या दशकात ती दुर्बिणीतून होऊ लागली आणि कामावर परतण्याचा काळ बराच आटला.

पण दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा एक धोका असा, की ती बाहेरून फार किरकोळ दिसते. पोटावर ५ ते १५ मिलिमीटरची चार-सहा भोके, तीही दोन आठवड्यांत सुकलेली. कातडीखालच्या स्नायूंवरील मजबूत पडदा मात्र सावकाश जुळतो. सहा आठवड्यांनी जखमेची ताकद मूळच्या साधारण निम्मी असते. तीन महिन्यांनी ती ८० टक्क्यांच्या आसपास पोचते आणि पुढे फारशी वाढत नाही. जड वस्तू उचलताना आपण नकळत श्वास कोंडतो, पोट आवळते आणि आतला दाब एकदम वाढतो. तो दाब कच्च्या जागी बसला, तर तिथे हर्निया होऊ शकतो, म्हणजे त्या फटीतून आतला भाग बाहेर डोकावतो. १० मिलिमीटर व त्याहून मोठ्या छिद्रांना, त्यातही बेंबीजवळच्या छिद्राला हा धोका अधिक. म्हणून पहिले काही आठवडे साधारण ५ ते ७ किलोंहून जड काही उचलू नये असे सांगतात. पाण्याने भरलेली मध्यम बादलीसुद्धा यात बसत नाही. वजनाइतकाच घात वळण्याने होतो: खोके जमिनीवरून घेऊन कमरेत वळून मागच्या फळीवर ठेवणे ही हालचाल सरळ उचलण्यापेक्षा वाईट. पाय वळवावेत, ओझे अंगाशी धरावे आणि उचलताना श्वास सोडावा.

आता पाण्याचे. शस्त्रक्रियेनंतर घरी गेलेले रुग्ण पुन्हा रुग्णालयात येतात, त्याचे एक नेहमीचे कारण शरीरातले पाणी कमी होणे हे असते. उन्हात किंवा भट्टीपाशी काम करणाऱ्याला तहान लागली की तो अर्धी बाटली एका दमात रिकामी करतो. ही आयुष्यभराची सवय असते. शस्त्रक्रियेनंतर तसा घोट घेतला, तर पाणी छातीत अडल्यासारखे दुखते किंवा उलटून पडते. घोट ३० मिलिलिटरचा धरला आणि आठ तासांच्या पाळीत एक लिटर पाणी पोटात जायचे ठरवले, तर दर पंधरा मिनिटांना एक घोट येतो. घाम येणाऱ्या कामात एक लिटर पुरतही नाही. म्हणजे बाटली कमरेला किंवा हाताशीच हवी. ‘सुट्टीत पिऊ’ म्हणून चालत नाही, कारण सुट्टी जेवणाची असते आणि जेवणासोबत पाणी टाळायचे असते. जेवल्यावर साधारण अर्धा तास थांबावे लागते. गडद लघवी, उठताना अंधारी येणे, धडधड ही पाणी कमी पडल्याची खूण समजावी आणि काम थांबवावे.

अन्नाची तूट याहून मोठी. जड कष्टाच्या कामाला दिवसाला ३,००० किलोकॅलरी किंवा अधिक लागतात, आणि पहिल्या महिन्यात रुग्णाच्या पोटात अनेकदा ८०० देखील जात नाहीत. आधी पातळ, मग वाटलेले, मग मऊ असे करत नेहमीच्या घट्ट अन्नावर यायला ६ ते ८ आठवडे जातात. उरलेली गरज शरीर चरबीतून भागवते, आणि काही प्रमाणात स्नायूंतूनही. ज्याची रोजी हातापायांवर आहे, त्याला हे दुसरे परवडणारे नाही. म्हणून रोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिने आणि सर्जनची परवानगी मिळताच हलका ताकदीचा व्यायाम, या दोन गोष्टींवर भर देतात. वीस मिनिटांच्या सुट्टीत पूर्ण डबा संपवणे आता शक्य नसते; घाईने खाल्लेला घास अडकतो. दोन-तीन छोट्या सुट्ट्या मागून घेणे, त्यांत अंडे, दही किंवा प्रोटीनचे पेय घेणे हे सोयीचे ठरते. गोड पेयाने तरतरी येईल ही समजूत इथे महागात पडते. विशेषतः बायपासनंतर गोड खाल्ल्यावर १० ते ३० मिनिटांत पोटात मुरडा, घाम आणि धडधड होऊ शकते. काहींची रक्तातली साखर १ ते ३ तासांनी घसरते. शिडीवर, क्रेनवर किंवा गाडीच्या चाकामागे असलेल्या माणसाला अशी चक्कर जिवावर बेतू शकते.

कष्टकऱ्यांच्या खिशात वेदनाशामक गोळी असतेच. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या जातीच्या गोळ्या बायपासनंतर टाळायच्या असतात, कारण आतड्याच्या जोडावर व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो. धूम्रपानानेही तो धोका वाढतो. पाठ धरली की सहकारी प्रेमाने गोळी पुढे करतो, तेव्हा तिचे नाव वाचूनच घ्यावी. मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या जुन्या मात्रा वजन घटताना जास्त होतात, म्हणून त्या कामावर जाण्यापूर्वीच तपासून घ्याव्यात. लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम आयुष्यभर घ्यावे लागते; लोह आणि कॅल्शियम यांत किमान दोन तासांचे अंतर हवे. लोह कमी पडले की चढावर दम लागतो आणि त्याला ‘अजून ताकद आली नाही’ असे नाव मिळते. उलट्या सुरूच राहिल्या, तर थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) घटून पायांना मुंग्या येतात, तोल जातो.

संरक्षक साधनांकडे फार कमी लोकांचे लक्ष जाते. उंचीवरच्या कामाचा हार्नेस, चेहऱ्यावर घट्ट बसणारा रेस्पिरेटर, बूट, हातमोजे हे सारे जुन्या शरीराच्या मापाचे असते. वजन झपाट्याने उतरत असताना हार्नेसचे पट्टे पुन्हा आवळावे किंवा हार्नेसच बदलावा लागतो, आणि रेस्पिरेटरची बसण्याची चाचणी नव्याने करून घ्यावी लागते. हत्यारांचा जड कमरपट्टा बेंबीजवळच्या व्रणावर घासतो. तो काही काळ खांद्यावरून अडकवणे बरे.

डॉक्टरांना ‘मजुरी करतो’ एवढेच सांगितले, तर प्रमाणपत्रही तितकेच ढोबळ मिळते. सर्वांत जड ओझे किती किलोंचे, दिवसातून किती वेळा उचलावे लागते, काम उंचीवर की उन्हात, जेवणाची सुट्टी किती, हे कागदावर लिहून न्यावे. मग हलक्या कामाच्या अटी आकड्यांत लिहून मिळतात आणि मुकादमाशी वाद होत नाही. शक्य असेल तिथे पहिले एक-दोन आठवडे अर्धी पाळी करावी. शस्त्रक्रियेबद्दल सगळ्यांना सांगण्याची गरज नाही, पण शेजारी काम करणाऱ्या एकाला तरी ठाऊक असावे.

याचे फळही कामातच दिसते. वजनातला प्रत्येक किलो उतरला की चालताना गुडघ्यावरचा भार पावलागणिक सुमारे चार किलोंनी कमी होतो. जिना चढून माल पोचवणाऱ्याला हे चार-सहा महिन्यांत स्वतःच्या पायांत जाणवते.

ताप, विश्रांतीतही नाडी १२० च्या वर, वाढती पोटदुखी किंवा डाव्या खांद्यातली कळ ही पहिल्या काही आठवड्यांत जठराचा आतला टाका किंवा जोड गळत असल्याची लक्षणे असू शकतात. पोटरी सुजली, दुखली किंवा अचानक दम लागला, तर रक्ताची गुठळी असू शकते. बायपास झालेल्यांत आणखी एक संकट महिन्यांनी, कधी वर्षांनीही येते: चरबी वितळून पोटात मोकळ्या झालेल्या फटीत आतडे अडकते. तेव्हा कामगार ओझ्याने लचक भरली समजून पोट शेकत बसतो. पोटातली तीव्र कळ थांबत नसेल, तर थेट रुग्णालय गाठावे आणि आपली बायपास झाली आहे, हे पहिल्याच वाक्यात सांगावे.